थायलंडचं टुरिझम खरंच बसलंय का, आणि रिटायर होऊन तिथे राहायला जावं का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५३, पुण्यातल्या कंपनीतून व्हीआरएस घेतलीये, थायलंड दोनदा फिरून झालंय, आता मिसेसना घेऊन पट्टायात रिटायरमेंट व्हिसावर राहायचं आणि जमलं तर छोटंसं मराठी जेवणाचं रेस्टॉरंट टाकायचं असं मनात आहे. पण यूट्यूब उघडलं की तिकडे राहणारे गोरे लोक रोज वैतागलेले दिसतात, रिकामे बीच दाखवतात, थायलंड संपलं म्हणतात, तर नक्की खरं काय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की भाच्यालाही तिकडे एका कंपनीत डेटा एंट्रीची ऑफर आलीये, तो पण बरोबर येईल. त्या ओळीकडे मी शेवटी येतो, पण ती वाचून मला खरं तर बाकी प्रश्नापेक्षा जास्त काळजी वाटली.

मी बँकॉकमध्ये ग्राउंड हँडलिंग करतो. म्हणजे मुंबई-पुणे-नाशिकचे टूरवाले ग्रुप पाठवतात आणि माणूस एअरपोर्टवर उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत हॉटेल, गाडी, गाइड, जेवण सगळं आमच्या गळ्यात. इथे वर्क परमिटवर बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे टुरिस्टची बाजू धंद्यातून कळते आणि राहणाऱ्यांची बाजू इमिग्रेशनच्या रांगेतून. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि यूट्यूबवर त्यांची खिचडी झालीये. तुमचा गोंधळ त्यातूनच झालाय असं मला वाटतं.

आधी टुरिझम. कोविडच्या आधी, २०१९ ला, थायलंडमध्ये जवळपास ४ कोटी परदेशी आले होते. मग सगळं बंद, मग हळूहळू वर येत २०२४ ला साडेतीन कोटी. सगळ्यांना वाटलं २०२५ ला जुना आकडा गाठणार, तर झालं उलटं, २०२५ ला जेमतेम ३ कोटी ३० लाख. म्हणजे साधारण सात टक्के घट. घट आहे, खोटं नाही. पण संपलंय म्हणणाऱ्यांनी जानेवारीत फुकेटला रूम बुक करून दाखवावी. रिकामे बीच कधी शूट केलेले असतात ते बघा, सप्टेंबरमधला मंगळवार, सकाळचे आठ, आभाळ भरलेलं. सप्टेंबरमध्ये आपला अलिबागचा बीच पण रिकामाच असतो.

ही घट आली कुठून तर जवळजवळ सगळी एका देशातून, चीनमधून. २०१९ ला एक कोटी दहा लाखांच्या आसपास चिनी आले होते, २०२४ ला ६७ लाख, २०२५ ला ४५ लाख. एका वर्षात वीस-बावीस लाख माणूस गायब. आणि त्याचं कारण महागाई वगैरे नंतर, पहिलं कारण भीती. जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग नावाचा चिनी अॅक्टर शूटिंगचं काम आहे म्हणून बँकॉकला उतरला, तिथून त्याला सीमेवरच्या माए सोतला नेलं आणि पलीकडे म्यानमारमधल्या म्यावडीच्या स्कॅम सेंटरमध्ये पोचवलं, म्हणजे जिथे माणसांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतात. काही दिवसांत सोडवला, पण डोकं भादरलेला त्याचा फोटो चीनमध्ये घराघरात गेला, तोही चिनी नवीन वर्षाच्या सुट्टीच्या तोंडावर. आमच्या ओळखीत चिनी ग्रुप करणारे लोक आहेत, त्यांची बुकिंग त्या पंधरवड्यात पत्त्यासारखी कोसळली. त्याआधी २०१८ ला फुकेटला फीनिक्स बोट बुडून ४७ चिनी गेले होते, २०२३ च्या ऑक्टोबरात सियाम पॅरागॉन मॉलमध्ये गोळीबार झाला होता, म्हणजे मनात आधीच होतं, यावेळी पक्कं झालं. चिनी आई मुलीला म्हणते थायलंडला नको, जपानला जा, आणि ती जाते, तिला काही फरक पडत नाही.

मग २८ मार्च २०२५ चा भूकंप. केंद्र म्यानमारमध्ये, पण बँकॉकमध्ये चतुचकजवळ सरकारी ऑडिट ऑफिसची बांधकाम चालू असलेली तीसेक मजली इमारत काही सेकंदात खाली बसली. शहरात बाकी फारसं काही पडलं नाही, पण गच्चीवरच्या स्विमिंग पूलचं पाणी खाली कोसळतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. पुढे जुलैमध्ये कंबोडियाबरोबर सीमेवर लढाई झाली आणि डिसेंबरात परत. ती लढाई मुख्यतः सुरिन, सिसाकेत, उबोन या बाजूला, पट्टायापासून शेकडो किलोमीटर लांब, पण ठाण्याच्या काकूंना फोनवर हे समजावताना माझा घसा बसला, कारण टीव्हीवर रॉकेट दिसतंय आणि खाली थायलंड लिहिलंय. आमचं खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी झालं. पट्टायानंतर बसने पोइपेत ओलांडून अंगकोर वाट दाखवायचं पॅकेज मराठी लोकांत चांगलं चालायचं, रस्त्याने जायची ती बॉर्डरच बंद झाल्यावर ते पॅकेज कागदावर राहिलं. नोव्हेंबरात हात याईला पूर आला, तिथे मलेशियाचे लोक वीकेंडला गाडीने येतात, तेही अडकले. एका वर्षात एवढं सगळं झालं तर कुठलाही देश खाली येईल.

आता पैशाचं. बाथ वर गेलाय आणि रुपया खाली. कोविडच्या आधी साधारण सव्वादोन रुपयांना पडायचा तो बाथ २०२५ संपता संपता पावणेतीनच्या वर गेला. म्हणजे तेच हॉटेल, तेच दर, तरी तुमच्या खिशातून पाचवा हिस्सा जास्त. वर विएतनाम शेजारीच दुकान मांडून बसलाय, २०२५ ला त्यांच्याकडे दोन कोटींच्या वर परदेशी गेले, त्यांचा विक्रम. दा नांगचं हॉटेल त्याच पैशात एक स्टार जास्त देतं. आमच्याकडचे अर्धे एजंट आता थायलंड विचारायला फोन करतात आणि विएतनामचं कोटेशन घेऊन ठेवतात.

पण एक बघा, लोक सात टक्के घटले तरी परदेशी पर्यटकांकडून आलेला पैसा त्यापेक्षा कमी घटला, दीड लाख कोटी बाथच्या आसपास राहिला. कारण युरोपातून, अमेरिकेतून येणारे लोक उलट वाढले आणि ते पंधरा-वीस दिवस राहतात. आणि आपण पण वाढलो. २०२५ ला भारतातून चोवीस-पंचवीस लाख लोक आले, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, मलेशिया आणि चीननंतर आपलाच नंबर. व्हिसा फ्री झाल्यापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, गर्दी थांबतच नाहीये, त्यात पुण्याहून थेट विमान आलं, म्हणजे मुंबईचा प्रवास पण वाचला.

आता तुम्ही म्हणाल मग तुम्हाला चांदीच आहे. तर चार रात्री पाच दिवसांचं पट्टाया-बँकॉक पॅकेज कसं चालतं ते सांगतो, मग रेस्टॉरंटचं उत्तर अर्धं तिथेच मिळेल. भारतातला एजंट बाजारात टिकायला भाव इतका खाली आणतो की हॉटेल, एसी बस आणि कोरल आयलंडची बोट यातच पॅकेजचे पैसे संपतात. उरलेलं भरून काढायचं ते इथे आल्यावर. म्हणून मग पॅरासेलिंग वेगळे पैसे, अंडरवॉटर वॉक वेगळे पैसे, अल्काझार या कॅबरे शोचं व्हीआयपी सीट वेगळे पैसे, आणि परतीच्या वाटेवर जेम्सच्या, म्हणजे रत्नांच्या, दुकानात तासभर थांबायचंच, कोणाला अंगठी घ्यायची नसली तरी, कारण बस तिथे थांबल्याचेच पैसे कोणाला तरी मिळतात. चिनी झिरो डॉलर टूर म्हणून जे बदनाम झालं आणि २०१६ ला सरकारने ज्याच्यावर धाडी घातल्या, त्याचाच हा धाकटा भाऊ आहे. यात जेवणाचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. ग्रुपला जेवण घालणाऱ्या इंडियन रेस्टॉरंटला पर प्लेट जो भाव मिळतो त्यात पनीर वाढणं म्हणजे धर्मादाय आहे. तरी तो नाही म्हणू शकत नाही कारण शेजारचा दहा बाथ कमी करून बसलेला असतो. पट्टायात बीच रोडच्या मागच्या गल्ल्यांतून फिरा, इंडियन पाट्या मोजून दमाल. वॉक-इन गिऱ्हाईक म्हणाल तर पुण्याचा माणूस चार दिवसांसाठी येतो, त्यातले दोन दिवस त्याला थाई फूड ट्राय करायचं असतं आणि उरलेल्या दोन दिवसांचं जेवण पॅकेजमध्ये असतं. मिसळ खायला कोण येणार? बँकॉकमधली मराठी मंडळी येतील, गणपतीत आणि एखाद्या रविवारी. तेवढ्यावर पट्टायातलं भाडं निघत नाही.

बरं, आता तो वैतागलेला गोरा.

हे लोक कोण ते आधी समजून घ्या. बरेचसे पेन्शनवर आलेले इंग्रज, जर्मन, ऑस्ट्रेलियन, त्यातले कित्येक पंधरा-वीस वर्षं इथेच. ते आले तेव्हा त्यांच्या पाउंडाला सत्तर बाथ मिळायचे, आता चाळीस-पंचेचाळीस. त्यांच्या रागाचा मोठा भाग तिथेच आहे आणि ते तो कधीच तसा सांगत नाहीत, ते सांगतात की थायलंड बदललं. पण उरलेला राग खरा आहे आणि तुम्ही इथे राहायला आलात की वर्षभरात तुम्हालाही येणार आहे, म्हणून नीट सांगतो.

रिटायरमेंटवर राहायचं तर वय ५० पूर्ण, थाई बँकेत तुमच्या एकट्याच्या नावावर ८ लाख बाथ, किंवा महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न. ८ लाख अर्जाच्या दोन महिने आधीपासून हवेत, मिळाल्यावर तीन महिने तसेच ठेवायचे, नंतर उरलेलं वर्ष निदान ४ लाख हलवायचे नाहीत. वर्षाचं एक्स्टेंशन १९०० बाथ. मध्ये देशाबाहेर जायचं असेल तर री-एंट्री परमिट, एकदाचं १००० किंवा कितीही वेळाचं ३८००, ते विसरून विमानात बसलात तर व्हिसा गेला. दर ९० दिवसांनी मी इथेच राहतो असं कळवायचं. घरमालकाने तुमचं टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस माझ्या घरात राहतो असं कळवायचा फॉर्म, भरायचं, आणि त्याने नाही भरलं तर काउंटरवर उभे तुम्ही. कागदावर हे सगळं सोपं दिसतं, आपल्याकडच्या आरटीओपेक्षा तर नक्कीच.

पण प्रत्यक्षात त्या दिवशी काय होतं बघा. माझ्या सोईत, म्हणजे गल्लीत, एक जर्मन आजोबा राहतात, त्यांच्याबरोबर मी एकदा गेलो होतो, त्यांना गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून. सकाळी बँकेत जाऊन आधी शंभर बाथ भरायचे, का तर पासबुकात आजच्या तारखेची एंट्री दिसायला हवी. मग बँकेचं पत्र. मग पासबुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येकावर सही, निळ्या शाईने. भाडेकरार, मालकाच्या आयडीची कॉपी, टीएम ३० ची पावती, फोटो, घर कुठे आहे त्याचा हाताने काढलेला नकाशा, हो, गुगल मॅप असताना. आजोबांनी दरवर्षीप्रमाणे सगळी फाइल टॅब लावून आणली होती, जर्मन माणूस तो. आणि काउंटरवरच्या बाईंनी बँकेचं पत्र परत केलं, कालच्या तारखेचं आहे म्हणून. गेल्या वर्षी आठवड्याभराचं जुनं चाललं होतं. आजोबा म्हणाले कुठे लिहिलंय, बाई हसल्या, अगदी गोड, आणि पुढचं टोकन बोलावलं. परत बँक, परत रांग, तोवर लंच. शेवटी झालं काम, कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धट बोललं नाही. पण त्या माणसाचा चेहरा मी बघितला, आणि गाडीत बसल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते विएतनामच्या व्हिसाबद्दल.

या लोकांचं खरं दुखणं मला विचाराल तर हे आहे. नियम कडक आहेत याचा त्रास तेवढा नाही, सिंगापूरचे याहून कडक आहेत. त्रास याचा की नियम आज काय आहे ते नक्की सांगता येत नाही, आणि या ऑफिसात एक तर पुढच्या जिल्ह्यात दुसरं. वरून घोषणा पेपरात येते, लोक गोंधळ घालतात, मग कधी ती मागे जाते, कधी अर्धीच लागू होते, कधी नुसती लटकत राहते. उदाहरणं किती देऊ. गांजा जून २०२२ मध्ये मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं निघाली, लोकांनी त्यात पैसे घातले, जून २०२५ मध्ये सांगितलं आता डॉक्टरची चिठ्ठी लागेल. टुरिस्टकडून ३०० बाथ एंट्री फी घेणार हे मी कोविडच्या दिवसांपासून ऐकतोय, दरवर्षी एजंट विचारतात कोटेशनमध्ये धरू का. व्हिसा फ्री ६० दिवस केला जुलै २०२४ मध्ये, ९३ देशांना, आणि वर्ष व्हायच्या आत परत ३० करायचं बोलणं सुरू, त्यामुळे निघण्याआधी ताजा नियम बघूनच निघा. दारूचं तर नाटकच झालं. दुपारी दोन ते पाच विक्री बंद हा १९७२ पासूनचा नियम. ८ नोव्हेंबर २०२५ ला नवा कायदा लागू झाला आणि त्यात पिणाऱ्यालाच दहा हजार बाथपर्यंत दंड, म्हणजे पावणेदोनला घेतलेली बिअर दोन वाजून पाच मिनिटांनी रेस्टॉरंटमध्ये पीत बसलात तर दंड तुम्हाला. रेस्टॉरंटवाल्यांनी डोकं धरलं. महिना व्हायच्या आत डिसेंबरात सरकारने दुपारची बंदीच सहा महिन्यांच्या ट्रायलवर उठवली. आता सांगा, अशा देशात धंद्याचं प्लॅनिंग माणसाने कसं करायचं.

आणि टॅक्स. १ जानेवारी २०२४ पासून वर्षात १८० दिवस इथे राहिलात की बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर थाई टॅक्स लागू शकतो, आधी पुढच्या वर्षी आणलं की सुटायचं, ती पळवाट बंद केली. भारताबरोबर दुहेरी कर टाळायचा करार आहे, त्यामुळे घाबरू नका, पण सीए गाठा. बँकांचं पण तसंच, स्कॅमवाल्यांची खाती पकडायच्या मोहिमेत २०२५ मध्ये साध्या लोकांची खाती गोठली, थाई दुकानदारांची सुद्धा, आणि फॉरेनरला नवीन खातं उघडणं आता शाखेच्या मर्जीवर. खातं नाही तर ८ लाख ठेवणार कुठे, आणि लाँग स्टे व्हिसा नाही तर खातं उघडणार कसं, हे कोडं प्रत्येकजण एजंटला पैसे देऊन सोडवतो. माझा सल्ला, जो एजंट तुमच्या वतीने ८ लाख दाखवतो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा, पकडले तुम्ही जाल.

दुहेरी दरांवरून गोरे फार चिडतात, खाओ याई नॅशनल पार्कला थाई माणसाला ४० बाथ आणि आपल्याला ४००. ग्रँड पॅलेस त्यांना फुकट, आपल्याला ५००. यात मला काही फार वाटत नाही, कारण आपण अजिंठ्याला तेच करतो, आपल्याला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. फक्त गंमत अशी की बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट, त्यातल्या देशांच्या नागरिकांना आपण भारतीय दर लावतो आणि थायलंड बिमस्टेकमध्ये आहे, म्हणजे थाई माणूस अजिंठा ४० रुपयांत बघतो आणि आपण खाओ याईला ४०० बाथ मोजतो. हे मी माझ्या थाई स्टाफला सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

पण या गोऱ्यांची ती थिअरी, की आम्हाला छळलं म्हणून टुरिझम बसलं, ती चूक आहे. त्यांच्यातला एक गेला तर कोपऱ्यावरच्या बारचं नुकसान होतं, बारवाली मावशी हळहळते, पण तीन कोटींच्या आकड्यात ते दिसत पण नाही. चिनी मुलीला टीएम ३० म्हणजे काय ते माहीत सुद्धा नाही. दोन्हीचा संबंध एवढाच की आकडा खाली आला की सरकार घाबरून काहीतरी मोकळं करतं, आणि लोक आले की त्यांच्या तक्रारी वाढून काहीतरी आवळतं, आणि त्या उघडझापीत चिरडतो तो इथे घर करून राहिलेला माणूस.

थाई लोकांची बाजूही आहे, ती यूट्यूबवर कोणी सांगत नाही. साठ दिवस फुकट दिल्यावर टुरिस्ट व्हिसावर डायव्हिंग शिकवणारे, सलून चालवणारे, भाड्याने स्कूटर देणारे परदेशी वाढले. फुकेटला फेब्रुवारी २०२४ मध्ये बीचवरच्या पायऱ्यांवर बसलेल्या थाई डॉक्टर बाईला एका स्विस माणसाने लाथ मारल्याचा आरोप झाला आणि लोक मोर्चा काढून तिथे जमले, बीच आमचा आहे म्हणून. आपले लोक पण कमी नाहीत. बीचवर बाटल्या, हॉटेलच्या बाल्कनीतून रात्री दोनला गाणी, वॉकिंग स्ट्रीटला, म्हणजे पट्टायाच्या बारच्या रस्त्यावर, भाव करून नंतर पैसे द्यायला नकार, हे मी स्वतः पोलीस स्टेशनात जाऊन निस्तरलंय. जेट स्कीवाला जुनाच ओरखडा दाखवून पैसे उकळतो ते पण खरं, फुकेटची टॅक्सी गोव्याच्या टॅक्सीची सख्खी बहीण आहे ते पण खरं, दोन्हीकडे अॅपवाली गाडी बोलावली की स्टँडवरचे अंगावर येतात.

मग तुम्ही काय करावं. राहायला या, पण सहा-आठ महिने भाड्याने राहून बघा, त्यात एक पावसाळा असू दे. उत्तरेला चियांग माईचा विचार असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाऊन बघा, शेतं आणि जंगल जळतं तेव्हा श्वास घेता येत नाही. कॉन्डो लगेच घेऊ नका. घेता येतो, बिल्डिंगमधल्या ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंत फॉरेनर मालक असू शकतात, पण विकायला निघालात की गिऱ्हाईक मिळत नाही, पट्टायात इतके कॉन्डो बांधून ठेवलेत. जमीन तर घेताच येत नाही, थाई माणसाच्या नावावर घेऊन देतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि निघा.

८ लाख बाथ म्हणजे २०२५ संपतानाच्या भावाने बावीस-तेवीस लाख रुपये. एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, रिटर्न भरल्यावर परत मिळतो पण तोवर अडकतो, म्हणून थोडे मार्चमध्ये थोडे एप्रिलमध्ये असं करा. त्या पैशावर इथे व्याज नावालाच, पुण्यातल्या एफडीचं व्याज सोडायची तयारी ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं, मेडिकल इन्शुरन्स. इथली प्रायव्हेट हॉस्पिटलं उत्तम आहेत आणि बिल बघून माणूस परत आजारी पडतो. साठीनंतर नवीन पॉलिसी मिळायला त्रास होतो, म्हणून आत्ता ५३ ला घ्या. वैतागलेल्या गोऱ्यांमधले कित्येक इन्शुरन्स नसलेले आहेत, हे ते कॅमेऱ्यासमोर सांगत नाहीत.

रेस्टॉरंट मात्र नको. रिटायरमेंटवर काम करता येत नाही, आणि काम म्हणजे पगारी नोकरीच असं नाही, स्वतःच्या रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर बसलात तरी ते कामच. त्याला वेगळा व्हिसा, कंपनी, साधारण २० लाख बाथ भांडवल आणि एका फॉरेनरमागे चार थाई कर्मचारी, पगारावर आणि सोशल सिक्युरिटीसकट. कंपनीत ५१ टक्के थाई हवेत, आणि ते नुसते सह्या करणारे निघाले तर नॉमिनी म्हणून तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दहा लाख बाथपर्यंत दंड, आणि या नॉमिनी धाडी सध्या जोरात आहेत. गाइडचं काम तर परदेशी माणसाला कायद्यानेच बंद, त्यामुळे जमलं तर ग्रुप फिरवीन हा विचारही डोक्यातून काढा. माझ्याकडे ग्रुपसमोर माइक धरून बोलतो तो परवानाधारक थाई मुलगाच असतो, हिंदी शिकलेला.

आता भाचा. थायलंडमध्ये डेटा एंट्रीसाठी पुण्याहून माणूस आणायची कुठल्याही खऱ्या कंपनीला गरज नाही, इथे ते काम करणारे थाई तरुण कमी पगारात मिळतात. भारतीयाला नोकरीवर ठेवायचं तर कंपनीला इमिग्रेशनच्या नियमाने महिना निदान ३५ हजार बाथ पगार दाखवावा लागतो, शिवाय ते चार थाई कर्मचारी. आणि खरी कंपनी असेल तर ती आधी कागद पाठवते, तुम्ही मुंबईच्या थाई कॉन्सुलेटच्या अखत्यारीत नॉन-बी, म्हणजे नोकरी-धंद्याचा, व्हिसा काढता, मग येता. व्हिसा फ्रीवर ये, इथे आल्यावर करू, असं म्हणत असतील, इंटरव्ह्यू टेलिग्रामवर झाला असेल, तिकीट ते पाठवणार असतील, तर तो वांग शिंगवाला रस्ता आहे. मार्च २०२५ मध्ये आपल्या एअर फोर्सच्या विमानांनी माए सोतहून पाचशेच्या वर भारतीय परत नेले, ते सगळे अशाच नोकरीला आले होते. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांनी, साठेक जणांना सोडवून एजंट पकडले. शिकलेली पोरं होती ती, मूर्ख नव्हती.

ऑफर लेटरवर कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तेरा आकडी, तो मला पाठवा, थाई बिझनेस डिपार्टमेंटच्या साइटवर मी बघून सांगतो. नंबरच नसेल तर बघायची पण गरज नाही. बँकॉकच्या भारतीय दूतावासाला ईमेल करून कंपनीबद्दल विचारता येतं, तेही करा. तुमच्या रिटायरमेंटला घाई नाही, त्याच्या तिकिटाची तारीख काय आहे ते आज रात्रीच विचारा.